चिऊ शाळेत रमली आहे

२ जुलै, बुधवार

ही डायरी चिऊने आणली. फिनलंडची. आत एक अक्षर नाही, नुसते पांढरेशुभ्र कागद, हात लावायची भीती वाटते. पण कोरी ठेवली तर पाप. चौथीपर्यंत शिकले ते काय नुसत्या पुड्यांचे कागद वाचायला?

चिऊ म्हणजे माझी नात कृतिका. पंधरावं चालू. जन्म तिकडचा, शाळा तिकडची, थंडीसुद्धा तिकडचीच, इथल्या उकाड्यात पोर मेणासारखी झालीय. माझ्या मुलाने, तरुणने, तिला देवासला माझ्याकडे पाठवलंय. तिकडे घराचं काम काढलंय म्हणे. काढोत बापडे, दोन वर्षं चालो! तरुण म्हणाला, आई, दिवाळीपर्यंत बघू. शाळेत रमली तर तुझ्याकडेच राहील. नाहीतर डोंगरातल्या एका बोर्डिंगात बोलून ठेवलंय.

मी म्हटलं, रमली समज. शाळा काय असते मला माहीत आहे.

संकल्प: महिन्याभरात चिऊ वर्गाची लाडकी. बोर्डिंगवाल्यांनी दुसरी पोर बघावी.

३ जुलै, गुरुवार, संध्याकाळी

आज पहिला दिवस. केसांना खोबरेल चोपून दोन वेण्या घातल्या, लाल रिबिनी. चिऊ म्हणाली, आजी, जरा घट्ट आहेत. म्हटलं, घट्टच असतात, त्याने अक्कल जागेवर राहते.

शाळेत गेली नि मास्तरीणबाईंना म्हणाली, गुड मॉर्निंग अल्पना! तिकडे तशीच रीत आहे, शिक्षकांना नावाने हाक. सारा वर्ग हसला म्हणे, सुट्टी होईस्तोवर हसत होता. आल्या दिवशी वर्गाला एवढं हसवलं! मला चौथीत कुणी हसलं नाही.

चिऊ मात्र जेवली नाही. आनंदाने होतं असं.

११ जुलै, शुक्रवार

डबा रोज चाटूनपुसून रिकामा. आज थालीपीठ, काल लसणाच्या फोडणीचे पोहे. मी मुद्दाम चौघींना पुरेल एवढं देते. मैत्री पोटातून होते, हे शाळेत शिकवत नाहीत.

हिंदी तिला कमी येते, पण मराठी अशी की राजवाड्यातल्या जुन्या बायकांनी ऐकत राहावं. मीच शिकवली, फोनवरून, ती एवढीशी असल्यापासून. वर्गात मराठी कोणालाच येत नाही, एवढंच. शिकतील हळूहळू.

१५ जुलै, मंगळवार

व्हॅनवाला चिराग भिया सांगत होता, मांजी, बेबी उतरी नी उतरी की फाटकावरचे कुत्ते दौडके आते हैं, मोटे हो गए साले. मुक्या जनावरांनाही लळा लावला पोरीने.

उद्यापासून पोळ्या वाढवाव्या. एवढ्या लवकर भूक लागते का तिला, शाळेत शिरायच्या आधीच डबा उघडते ती?

२२ जुलै, मंगळवार

वर्गाने तिला लाडाचं नाव ठेवलं! फिनलंडहून आली म्हणून ‘फिनाइल’. ती जवळून गेली की मुली नाकाला रुमाल लावतात, असा काही खेळ आहे. चिऊ सांगत नव्हती, चिराग भियाने सांगितलं. तो हसला नाही. त्याला मुलं नाहीत, त्याला काय कळणार.

फिनाइल म्हणजे स्वच्छता. पोर आहेच नीटनेटकी.

शेजारच्या रुक्मिणीवहिनींना कौतुकाने सांगितलं तर त्या म्हणतात, अहो जमुनाबाई, पोरगी वाळून चालली आहे, डोळे बघा तिचे. रुक्मिणीवहिनी छोट्या पातीच्या. देवासला पूर्वी दोन राजे, एकाची बडी पाती, दुसऱ्याची छोटी, रस्त्याच्या अलीकडे एक नि पलीकडे दुसरा. आम्ही बडीचे. राजे गेले, पण त्यांच्या मनातली मळमळ काही गेली नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखीचा फोन. आधी तरुणचा आला, मागे निळे पडदे. मग सूनबाईचा वेगळा आला, मागे पडदेच नाहीत, नुसती खोकी. दोन घरं घेतली वाटतं! प्रगती आहे. चिऊला म्हटलं, बघ, आईबाप किती कष्ट करतात. ती उठून आत गेली. नळ बराच वेळ वाहत होता. पाणी जपायला सांगितलं पाहिजे.

२१ ऑगस्ट, गुरुवार

डावी वेणी कापावी लागली. च्युइंगम अडकलं होतं, मुळापासून टोकापर्यंत. खेळता खेळता पडलं म्हणाली. एवढं कसं पडतं, मी विचारलं नाही. मग उजवीही कापली, एकीला कशाला ठेवायची.

छान दिसते. मोकळी मान. जरा घाबरलेल्या कोकरासारखी, पण छान.

संकल्प: आता मी स्वतः लक्ष घालणार. मुलींना घरी बोलावल्याशिवाय मैत्री पक्की होत नाही.

७ सप्टेंबर, रविवार

आज पौर्णिमा, संजा बसवली. वहिनी म्हणाल्या, आज ग्रहण, सुतक लागलंय, आज नका सुरू करू, आणि पुढे पितृपक्ष. म्हटलं, पोरींना कसलं सुतक.

चिऊला सगळं पहिल्यापासून सांगितलं. कुंवार पोरींनी पितरांच्या पंधरवड्यात रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची एक आकृती काढायची, फुलांनी सजवायची, गाणी म्हणायची. मग झाकलेला प्रसाद हलवून विचारायचं, ओळखा काय? शेवटी अवसेला किलाकोट, म्हणजे मोठा किल्ला, काढायचा आणि सगळं खरवडून नदीत सोडायचं. संजा सासरी गेली.

वाटलं होतं शेणाला हात लावणार नाही. मनगटापर्यंत घातला! बोटं अशी चालली की जणू मागच्या जन्मी मालव्यातलीच. महिन्यात पहिल्यांदा जेवण मागून घेतलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज नवमी, डोकरा-डोकरी काढायचे. म्हातारा नि म्हातारी. चिऊने डोकरीला माझ्यासारखा चष्मा काढला, झेंडूच्या देठांचा. मी एवढी हसले की दात हातात घ्यावे लागले. आम्ही दोघीच गातो, दोघीच प्रसाद ओळखतो. मीच केलेला असतो तरी मी चुकीचं सांगते, मग ती जिंकते.

मधेच तिने विचारलं, आजी, संजाला सासरी जायचंय का, असं कोणी विचारतं का? म्हटलं, विचारायचं काय, जाते ती. परत येते का? म्हटलं, दरवर्षी नवी येते. ती नाही येत.

तिने डोकरीचा चष्मा पुन्हा नीट बसवला. कावळा ओरडत होता, त्याला पितरांचा घास दिला होता तरी.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काम फत्ते! अवसेला किलाकोटाला वर्गातल्या मुलींना बोलावलं. आईबापांच्या ग्रुपातून अपेक्षाचा नंबर काढून मीच फोन लावला. अपेक्षा म्हणजे वर्गातली मुख्य. काय गोड बोलते! दादी, हम सब आएंगे, कृतिका ने तो बताया ही नहीं. मागे कोणीतरी खिदळत होतं. आनंदी घर दिसतं.

चिऊला सांगितलं तर पांढरी पडली. आजी, नको. प्लीज नको. माझे दोन्ही हात धरले. आजी, हे फक्त आपलं आहे. म्हटलं, वेडे, लाजतेस काय, चांगली गोष्ट झाकून ठेवू नये.

वहिनी म्हणाल्या, पोर नको म्हणते तर नको. छोटी पाती!

२१ सप्टेंबर, रविवार, अमावस्या

आल्या! सात-आठ जणी, सगळ्यांच्या हातात फोन. सगळ्या पाया पडल्या. अपेक्षा तर दोनदा, एकदा फोटो नीट आला नाही म्हणून.

मी चिऊला माझं जुनं परकर-पोलकं घातलं होतं, जांभळं, काठाचं. हात शेणात, कपाळाला थोडं लागलेलं. किलाकोट असा काढला की काय सांगू, दरवाजे, बुरूज, वर मोर. मुलींना गाणी येत नव्हती, म्हणून चिऊ एकटीच म्हणाली. आधी आवाज फुटेना. मी ओरडून ओरडून हुरूप दिला.

प्रसाद हलवला, ओळखा काय? सगळ्या एका सुरात ओरडल्या, फिनाइल! हसून हसून लोळल्या. मीसुद्धा हसले. असं घर मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं.

होती खोबऱ्याची वडी. कोणी खाल्ली नाही. डाएट असेल.

चिऊने किलाकोट स्वतः खरवडला. नदीवर न्यायला मी येते म्हटलं तर एकटीच गेली.

२२ सप्टेंबर, सोमवार

व्हिडिओ आला!! अपेक्षाने पाठवला. चिऊ गातेय, डोक्यावर कुत्र्याचे कान लावलेत, आजकाल लावतात तसे. खाली इंग्रजीत पुष्कळ लिहिलंय, आणि ती हसून रडणारी पिवळी तोंडं, भरपूर. माझ्या फोनचा आवाज हल्ली नीट येत नाही, पण चित्र साफ.

लगेच पाठवला. तरुणला, सूनबाईला, धारच्या माहेरच्या ग्रुपवर, खातेगांवच्या नणंदेला, भजनी मंडळाला, आईबापांच्या ग्रुपवर, दूधवाल्याला. म्हटलं बघा, नवरात्र बसायच्या दिवशी माझी नात फेमस.

चिराग भियाला म्हटलं, इंग्रजी वाचून दाखव. त्याने पाहिलं आणि म्हणाला, रेने दो मांजी. बिचारा अडाणी.

२३ सप्टेंबर, मंगळवार

चिऊचं पोट दुखतंय. झोपून आहे. दृष्ट काढली. एवढे डोळे लागले पोरीला.

तरुणचा फोन येऊन गेला. मला म्हणाला, आई, तो व्हिडिओ काढ. म्हटलं, काढला मुलींनीच, मी नुसता पाठवला.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बरी झाली, शाळेत गेली. आता व्हॅन नको म्हणते, मैत्रीण स्कूटीवर नेते. स्कूटी गल्लीच्या तोंडाशी थांबते, आत येत नाही. मी कोपऱ्यापर्यंत बघायला गेले होते, दिसली नाही. मुली वेगात चालवतात.

२९ सप्टेंबर, सोमवार

लिहायला बसवत नाही, पण बसते.

सकाळी शाळेतून फोन. कृतिका का येत नाही, अवसेपासून एकही दिवस आलेली नाही. म्हटलं, चूक झाली तुमची, ती रोज येते. बाई म्हणाल्या, मांजी, आप घर में देखिए. मी पाहिलं. डबा ओट्यावरच होता. भरलेला.

अपेक्षाला फोन लावला. तुझ्या स्कूटीवर येते ना चिऊ? ती म्हणाली, कौन चिऊ? मग म्हणाली, अच्छा, फिनाइल. आणि फोन कटला. रेंज गेली असेल.

चिराग भियाला कोणीतरी सांगितलं, बेबी देवीच्या टेकडीकडे जाताना दिसली. नवरात्रातली टेकडी, देवीची गर्दी, माणसावर माणूस. चिराग भिया एका बाजूने चढला, रुक्मिणीवहिनी, गुडघे धरत धरत, दुसऱ्या बाजूने. मी खाली, येणारं प्रत्येक तोंड बघत. शाळेचा निळा गणवेश दिसला की जीव उडायचा, आणि दुसरीच असायची. एक पोरगा माझ्याकडे बघून दुसऱ्याला म्हणाला, ए, ये वोई गोबरवाली की दादी है. मी वळून पाहिलं नाही.

दिवे लागायच्या सुमाराला वहिनींना सापडली. मागच्या अंगाला, कठड्याच्या पलीकडे बसली होती. पलीकडे. वहिनींनी हाक मारली नाही. जवळ जाऊन बसल्या नुसत्या, मग हात धरला.

घरी आल्यावर वहिनी मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं होतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तरुण आला, एकटाच. सूनबाईचं विचारलं तर म्हणाला, आई, आम्ही एप्रिलपासून वेगळे राहतो. तुला दिसलं नाही? म्हटलं, दिसलं. पडदे दिसले होते.

म्हणजे पोरीला मागेही घर नव्हतं. इथलंच होतं.

मी म्हटलं, दिवाळीपर्यंत ठरलं होतं आपलं. अजून दिवाळी आली नाही. माझ्या फोनच्या जाळीत कणीक अडकली होती, ती तो सुईने काढत बसला. म्हणाला, आता खणखणीत येईल आवाज.

चिऊला विचारलं, तुला जायचंय का? आधी विचारायला हवं होतं. ती म्हणाली, तिथे मला कोणी ओळखत नाही, आजी.

८ ऑक्टोबर, बुधवार

गेली.

फाटकावरचे कुत्रे शाळेतून इथवर येऊन बसलेत. चिराग भियाला म्हटलं, मी पाठवलेला तो व्हिडिओ सगळ्यांकडून परत मागव. तो म्हणाला, मांजी, गया सो गया.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बोर्डिंगातून फोन. थंडी आहे म्हणाली. आवाज बरा वाटला. वर्गात एक मुलगी शेजारी बसते, नावसुद्धा सांगितलं मला. म्हणाली, आजी, कुणाला सांगू नकोस. म्हटलं, नाही सांगत. नाव इथेही लिहीत नाही.

चिऊ रमेल. या खेपेला मी काहीच करत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, दिवाळी

फराळाचं केलं थोडं. वहिनींकडे ताट नेलं. त्यांनी झाकण उचलायच्या आधी म्हटलं, ओळखा काय. त्या रडायला लागल्या, मग मीही.

दुपारी धारच्या मावसबहिणीचा मेसेज. दिवाळीच्या शुभेच्छा, आणि खाली व्हिडिओ. तोच. कुठे कुठे फिरून आलाय कोण जाणे, आता वर हिंदीत लिहिलंय, ते मला वाचता येतं. ‘गोबर वाली फॉरेनर’.

फोनचा आवाज आता खणखणीत येतो. आधी मुलींचं खिदळणं. मग चिऊचं गाणं, इतकं बारीक की ऐकावं लागतं. मधेच थांबते ती, कॅमेऱ्याकडे बघते, तोंड पुसायला हात वर करते आणि हाताला शेण आहे हे आठवून तसाच खाली घेते. आणि सगळ्यांच्या वरचढ एक बाई ओरडतेय. अगं गा की मोठ्याने! बघतायत ना सगळ्या! लाजतेस काय!

तो आवाज माझा आहे.

बहिणीला आता कमी दिसतं, तिने ओळखलं नाही. खाली लिहिलंय, जमने, बघ गं, ही कुणाची वेडी पोर?

एकेक अक्षर शोधून लिहिलं.

माझी.