पाव वळसा

४ मार्च, मंगळवार

अण्णांना आज दाखल केलं. अण्णा म्हणजे माझे सासरे. हृदयाची एक झडप बदलायची आहे. हल्ली हे अगदी रोजचं ऑपरेशन झालंय, असं मी हिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागलो तेव्हा ही म्हणाली, मला माहीत आहे, पण तुझा आवाज का कापतोय?

कापत नव्हता. घसा बसलाय.

मी सोबत गेलो नाही. घरी कोणीतरी थांबायला हवं, टँक आहे. दोन वर्षांपूर्वी अण्णा आमच्याकडे राहायला आले ते कपड्यांची एक बॅग आणि समुद्राचा एक तुकडा घेऊन. हॉलची एक अख्खी भिंत त्यात गेली. खारं पाणी, दगड, प्रवाळ आणि केशरी माशांची एक जोडी, साहेब आणि मॅडम. मधोमध झुपका. हे प्रवाळ अण्णांनी चौदा वर्षांपूर्वी अंगठ्याएवढं आणलं, सासूबाई होत्या तेव्हा. आता कोबीच्या गड्ड्याएवढं झालंय. दिवसभर संथ डुलत असतं.

निघताना अण्णा म्हणाले, झुपक्याकडे लक्ष ठेव. मी म्हटलं, तुम्ही निर्धास्त जा.

संकल्प: घाबरायचं नाही. मी लिफ्ट सेफ्टी इन्स्पेक्टर आहे. माझ्या एका सहीवर शेकडो माणसं वर-खाली करतात. मी स्वतः जिने वापरतो, पण ते तब्येतीसाठी.

५ मार्च, बुधवार. सकाळी ६:४०

टँकखालच्या कपाटातली घरघर थांबली आहे. कपाट उघडलं. स्किमर बंद. प्लग काढून लावला, टपली मारली, काही नाही.

स्किमर म्हणजे एक उभं नळकांडं. टँकचं पाणी खालच्या छोट्या टाकीत उतरतं, तिथे हे उभं असतं. पाण्यात बारीक बुडबुडे सोडतं, घाण फेसाला चिकटून वर चढते आणि डोक्यावरच्या कपात साठते. ही घाण निघाली नाही तर पाणी हळूहळू नासतं.

आज अकराला अण्णांचं ऑपरेशन आणि आजच याला मरायचं होतं. दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही. पुन्हा लिहून ठेवतो. काही संबंध नाही.

दुपारी ३:१०. हिचा फोन. ऑपरेशन नीट झालं. मी म्हटलं, मला ठाऊकच होतं. मग जरा जमिनीवर बसलो. खुर्ची लांब होती.

६ मार्च, गुरुवार

माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार शांत माणूस, बोलता बोलता एका बेडकाला खायला घालत होता. म्हणाला, दोनच मासे आहेत तर मधल्या साइजचा स्किमर घ्या. मी त्याला समजावलं की लिफ्टचा दोर वजनाच्या बारापट ताण सोसेल असा घेतात, याला सुरक्षिततेचं गणित म्हणतात. तो म्हणाला, दोर वेगळा, स्किमर वेगळा. फार मोठा घेतलात तर फेस धरण्याइतकी घाणच मिळणार नाही त्याला. मी मोठा घेतला. त्याला अण्णांच्या झुपक्याचं वय माहीत नाही.

शेवटी त्याने एकच सांगितलं. नवीन मशिनला रुळायला वेळ लागतो. एकदा लावलं की आठवडाभर हात लावू नका. फेस कमी-जास्त करायच्या व्हॉल्व्हला तर नाहीच.

हे सामान्य गिऱ्हाइकांसाठी असावं.

७ मार्च, शुक्रवार

बसवला. कपाटाचं दार बंद होत नाही, स्किमर उंच आहे. दार काढून गॅलरीत ठेवलं.

संध्याकाळी ६:००. फेस नाही. व्हॉल्व्ह पाव वळसा आवळला.
६:२०. फेस नाही. आणखी पाव.
६:३०. फेस आहे. कपात, कपाबाहेर, फरशीवर आणि माझ्या मोज्यांत.
६:३५. व्हॉल्व्ह अर्धा वळसा सैल केला. फेस नाही.

ही हॉस्पिटलातून आली, फरशीकडे पाहिलं. पुसणं आणलं. मी म्हटलं, ट्रायल घेत होतो. म्हणाली, अण्णा विचारत होते तू कधी येणार. मी म्हटलं, हे रुळेपर्यंत घर सोडता येणार नाही, कंपनीचीच सूचना आहे.

कंपनीची सूचना पुस्तिकेत आठव्या पानावर आहे. तिथे लिहिलंय, ‘यंत्र एकटे सोडावे’.

८ मार्च, शनिवार

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्यांच्या छतावर ओल आली आहे आणि त्या ओलीला मासळीचा वास आहे. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मला फक्त विचारलं, हे पुन्हा होणार आहे का? शाळेत असताना मला असं कोणी विचारलं की रडू यायचं.

मी म्हटलं, परिस्थिती आटोक्यात आहे.

स्किमरखाली फरशीचे दोन तुकडे घातले. आता तो पाण्यात कमी बुडतो. फेस गेला. एक तुकडा काढला. फेस आला, पण सगळ्या टँकभर बारीक बुडबुडे. साहेब आणि मॅडम सोड्याच्या बाटलीत राहिल्यासारखे दिसतायत.

१० मार्च, सोमवार

ऑफिसला सुट्टी टाकली. कारण: घरी आजारपण. खोटं नाही.

झुपका नेहमीसारखा फुललेला नाही. निम्माच वाटतो. कदाचित उजेडामुळे. बॅटरी लावून पाहिला. निम्माच आहे.

हिचा फोन. अण्णांना ताप. पुन्हा आयसीयूत नेलंय. डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन असू शकतं. मी विचारलं, किती वाजल्यापासून? ती म्हणाली, सकाळपासून. झुपकाही सकाळपासूनच.

काही संबंध नाही.

मी विचारलं, मी येऊ का? ती म्हणाली, तुला जमणार असेल तर ये. त्याच वेळी कपात काहीतरी गुरगुरलं. मी म्हटलं, फेस चढतोय, नंतर बोलतो.

फेस चढत नव्हता.

११ मार्च, मंगळवार

वडिलांच्या वेळचं आठवलं. साधं पोटाचं दुखणं होतं. मी पाच मिनिटं खाली चहा प्यायला गेलो होतो. वर आलो तर पडदा ओढलेला होता. चहा हातातच होता. या डायरीत हे लिहायचं कारण नाही. ही स्किमरची डायरी आहे.

पाणी शुद्ध करणारं एक औषध कपाटात मागे सापडलं. वाट न बघता दोन झाकणं घातलं. पाच मिनिटांत स्किमरला वेड लागलं. कप तीन वेळा भरला. बादली लावून बसलो. मुख्याध्यापिकाबाईंना स्वतःहून जाऊन सांगितलं की आज काही होणार नाही. त्यांनी छताखाली पातेलं आधीच लावून ठेवलं होतं.

१३ मार्च, गुरुवार

औषधाचा अंमल उतरला. आता फेस बिलकूल नाही. दुकानदाराला फोन केला. त्याने विचारलं, पाण्यात हात घातला होता? मी म्हटलं, अर्थात, दिवसातून दहा-बारा वेळा. हाताला काही लावता? सतत पाण्यात राहून कातडी फाटली म्हणून हिचं क्रीम लावतो, सढळ हाताने. दुकानदार म्हणाला, तेलकटपणा गेला की फेस बसतो साहेब. मग त्याने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

मी म्हटलं, ठणठणीत. आणि फोन ठेवला, कारण घसा.

झुपका आता मुठीएवढा.

१५ मार्च, शनिवार. सकाळी ९:००

अण्णांचा ताप उतरला. सहाव्या मजल्यावर, दोन खाटांच्या खोलीत आणलंय. हिने फोन त्यांच्या कानाला लावला. आवाज फार बारीक. झुपका कसा आहे? मी म्हटलं, मजेत, डुलतोय.

फोन ठेवून टँकपाशी गेलो. झुपका अंगठ्याएवढा झालाय. चौदा वर्षं पुसली गेली. माझ्या हातून.

त्यांना हे दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये. आज जातो. निर्णय पक्का. मला काही होत नाही, फक्त तळहात ओले आहेत, आणि त्यात विशेष काही नाही, ते आठवडाभर ओलेच आहेत. निघताना व्हॉल्व्ह पाव वळसा आवळला.

१६ मार्च, रविवार. हॉस्पिटल. खाट क्रमांक दोन

काल काय झालं ते नोंदवून ठेवतो.

हॉस्पिटलातल्या लिफ्टमध्ये माझ्याच सहीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे. ते वाचून मी जिन्याने निघालो. चौथ्या मजल्यापर्यंत उत्तम. पाचव्यावर औषधांचा वास आला. सहाव्यावर खोलीचं दार दिसलं आणि आत पडदा ओढलेला दिसला.

तो नर्सने कपडे बदलण्यासाठी ओढला होता, हे मला नंतर सांगण्यात आलं. मी दारातच पडलो. कपाळाला तीन टाके. नाडी वेडीवाकडी लागली म्हणून दोन दिवस ठेवून घेतलंय. शेजारची खाट रिकामी होती.

शुद्धीवर आलो तर अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा. मी म्हटलं, माफ करा, घाबरवलं तुम्हाला. ते म्हणाले, “तू पडलास म्हणून नाही रे. तू आलास म्हणून. मला वाटलं, हा आला म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले.”

ही हसायला लागली आणि मध्येच रडायला लागली. मग ती डबा धुवायला म्हणून बाहेर गेली आणि पंधरा मिनिटं आली नाही.

मी अण्णांना सगळं सांगितलं. मोठा स्किमर, फरशीचे तुकडे, औषध, क्रीम, झुपका. अंगठ्याएवढा, असं सांगताना अंगठा दाखवला. ते म्हणाले, “आक्रसलाय ना? गळून नाही पडला? मग आहे तो. घाबरलं की आत जातं ते. आपणही नाही का जात.”

दिवे लागले तेव्हा हळूच म्हणाले, “मला फार भीती वाटली रे त्या आयसीयूत. तिला सांगू नकोस.” मी म्हटलं, मलापण, टँकपाशी. त्यांनी हात पुढे केला. दोन खाटांमध्ये माझा हात पोचत नव्हता, म्हणून मी सलाइनचा स्टँड ढकलत त्यांच्याकडे गेलो आणि काठावर बसलो.

त्यांच्या छातीत नवी झडप टकटक वाजते, कान दिला तर ऐकू येते. मी जरा जास्तच वाकून ऐकत होतो. ते म्हणाले, या व्हॉल्व्हला मात्र हात लावू नकोस.

१७ मार्च, सोमवार. हॉस्पिटल

ही घरी जाऊन माशांना चिमूटभर खाणं घालून येते. मी तिला व्हॉल्व्हबद्दल लेखी सूचना दिल्या, दीड पान. तिने त्या पर्समध्ये ठेवल्या.

१८ मार्च, मंगळवार. सायंकाळी ५:३०

घरी आलो. चपला न काढता टँकपाशी गेलो.

कपात बोटभर गडद तपकिरी पाणी. वर घट्ट, कोरडा, संथ फेस, पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे तसा. फरशी कोरडी. बुडबुडे नाहीत. आणि झुपका मुठीएवढा फुललेला, मॅडम त्यात अंग घुसळतायत.

म्हणजे शनिवारचा माझा शेवटचा पाव वळसा अचूक होता. हे मी हिला सांगितलं. तिने पर्समधून माझं दीड पान काढून टेबलावर ठेवलं. घडीसुद्धा उघडलेली नव्हती.

२० मार्च, गुरुवार

हिने अण्णांना टँकचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, इतकं छान सेटिंग कोणी केलं? ही म्हणाली, कोणीच नाही, तीन दिवस हा घरात नव्हता.

अण्णांना अजून आठवडाभर ठेवणार आहेत. त्यांनी निरोप पाठवलाय की तोपर्यंत मी ऑफिस सुटल्यावर रोज थेट हॉस्पिटलात यावं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत तिथेच बसावं. माझ्या असण्याने माणसाला धीर येतो, हे खूप कमी जणांच्या लक्षात येतं. अण्णांच्या आलं.

हिला तसं म्हटलं. ती म्हणाली, तुझ्या धीरासाठी नाही रे, झुपक्यासाठी.