पांढऱ्या उंदरांना काय काय चालतं

सेलू,
रविवार, ता. ४ एप्रिल १९७६

आदरणीय भुजंगदादा यांस,

धाकटी बहीण सत्यशीला हिचा सविनय जयभीम. वहिनींनाही सांगावा. इकडे आम्ही सर्व जण बरे आहोत (सर्व म्हणजे कोण कोण ते पुढे येईलच). तुमच्या तब्येती कशा आहेत ते कळवावं. उन्हामुळे बोरीच्या गुरांच्या दवाखान्यात गर्दी वाढली आहे, हे तुमच्या कार्डावरून समजलं. त्या बैलाचा खांदा बरा झाला का? मला त्या बैलाची फार आठवण येते. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण तुम्ही कार्डात त्याच्याबद्दल तीन ओळी आणि वहिनींबद्दल अर्धी लिहिली होती, त्यावरून मोठा गुणी बैल असावा.

पत्र लिहायला बसले तेव्हा दुपार होती आणि आताही दुपारच आहे, पण मधे बराच वेळ गेला असावा, कारण कडुनिंबाची सावली माझ्या पायापर्यंत येऊन पोचली आहे. इथे जिनिंगचे शेवटचे दिवस चालू आहेत. कापसाच्या गाड्या कमी झाल्या, तरी हवेत पुंजके तरंगत असतात. एखादा पुंजका गल्लीच्या तोंडाशी दिसतो, खाली यायचं मनात आणतो, मग विचार बदलून पुन्हा वर जातो, आणि तो शेवटी कुठे उतरतो ते बघत बसलं की वरण करपतं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. लहानपणी मला शेळी राखायला पाठवलं की शेळी वेळेवर घरी यायची आणि मला शोधायला माणूस पाठवावा लागायचा. लग्नानंतर फरक इतकाच पडला की शोधायला येणारी माणसं बदलली.

तर सांगायचं ते असं की आमच्या घरी दोन पांढरे उंदीर आहेत. हे शाळेत विज्ञान शिकवतात, आणि दिवाळीनंतर शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन भरलं तेव्हा यांनी कुठल्याशा कॉलेजातून ते मागवले. एकाच्या पेटीवर ‘अ’ लिहिलं, दुसऱ्याच्या पेटीवर ‘ब’. अ ला भाकरी, पालेभाजी आणि दूध द्यायचं, ब ला नुसती भाकरी. प्रदर्शनापर्यंत अ गुटगुटीत आणि ब मरतुकडा व्हावा, म्हणजे लोकांना चौरस आहाराचं महत्त्व पटेल, असा बेत होता. पण ब ची सगळ्या वर्गाला दया आली आणि जो तो आपल्या डब्यातलं काहीतरी त्याच्या जाळीतून आत सरकवू लागला. प्रदर्शनाच्या दिवशी ब इतका लठ्ठ झाला होता की त्याला पेटीत वळता येईना, आणि बघायला आलेले साहेब म्हणाले की नुसत्या भाकरीत किती ताकद असते हे सरांनी छान दाखवून दिलं. प्रदर्शन संपल्यावर उंदरांचं काय करायचं हे कोणीच ठरवलेलं नव्हतं, म्हणून ते आमच्याकडे आले. (ज्याचं काय करायचं हे कोणी ठरवलेलं नसतं ते शेवटी आमच्याकडेच येतं. शाळेतला जुना पृथ्वीचा गोलही आमच्याकडेच आहे. त्यावरची आफ्रिका उडाली आहे. मी कधी कधी त्या कोऱ्या जागेत काय काय असेल ते बघत बसते.)

आता आत्याबाईंविषयी, म्हणजे माझ्या सासूबाईंविषयी. तुम्ही त्यांना पाहिलंत ते दुष्काळाच्या आधी. आज पाहिलंत तर ओळखणार नाही. दुष्काळात त्या खडीच्या कामावर जायच्या, आणि संध्याकाळी रेशनच्या लाल मिलोच्या भाकरी पुढे आल्या की म्हणायच्या, मी कामावरच खाऊन आले. दुष्काळ सरला, ज्वारी आली, यांची नोकरी कायम झाली, पण ते वाक्य काही गेलं नाही. आजही ताटावर बोलावलं की मगाशीच खाल्लं म्हणतात. कधी खाल्लं, कुठे खाल्लं, ते त्यांनाही सांगता येत नाही. चतकोर भाकरी आणि तांब्याभर पाणी, एवढ्यावर त्यांचा दिवस जातो. डॉक्टर म्हणाले, यांना रोग काही नाही, पोटात अन्न तेवढं नाही. यांनी समजावून पाहिलं, मी रडून पाहिलं. (रडणं अगदी मनापासून होतं, फक्त मधेच मला खिडकीतून एक पुंजका दिसला.) दादा, मला खरंच भीती वाटते. त्या सकाळी उशिरा उठल्या तर मी दाराशी उभी राहून त्यांचा पदर हलतोय का ते बघते.

उंदीर घरात आले तेव्हा आत्याबाईंनी तोंड फिरवलं. घरातल्या उंदराला आपण मारतो आणि बाहेरच्याला दूध पाजायचं, ही कुठली विद्या, असं त्यांनी यांना विचारलं. पण चार दिवसांत त्यांनी अ आणि ब ही नावं रद्द केली. उंदराला सगळं जग मामा म्हणतं आणि आपल्या लेकाला, सूर्यभानला, मामा दोनच, असा हिशेब करून बारक्याचं नाव लिंबाजी आणि जाड्याचं बन्सी ठेवलं. हे दोघे त्यांचे पेडगावचे सख्खे भाऊ. त्यांना विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास शेजारच्या धुरपताबाईंनी घरातल्या उंदरांसाठी कणकेत औषध कालवून गोळ्या टाकल्या. आमची भिंत एकच, आणि धुरपताबाई काहीही कुठेही ठेवतात. आत्याबाईंनी हाय खाल्ली. त्यांनी नियमच केला की पेटीत जे जाईल ते आधी त्यांच्या तोंडातून जाईल. मी म्हटलं, हे काय बोलणं झालं.

“इख असलं तर मला कळंल की,” त्या म्हणाल्या.

“आणि कळल्यावर, आत्याबाई?”

“मग त्यायला देनार न्हाई.”

पण दादा, तेव्हापासून आमच्या घरात जे सुरू झालं ते मला अजून स्वप्नासारखं वाटतं. एका घासात काही कळत नाही म्हणून त्या दोन घास खायच्या. उंदीर दोन, म्हणून परीक्षा दोनदा. हरभऱ्याचे घाटे आले, ते सोलून मूठभर आधी त्यांनी खाल्ले आणि मग दोन दाणे आत गेले. वसमतची केळी आली, अर्धं केळं आत्याबाईंना, नखाएवढी चकती लिंबाजीला, नखाएवढी बन्सीला. धुरपताबाई एकदा ओंजळभर सरकी घेऊन आल्या, म्हशीला चालते तर यांना का नाही म्हणून. आत्याबाईंनी एक दाणा चावून पाहिला, थुंकला, आणि मी म्हैस न्हाई म्हणून ओंजळ परत केली. (यांनी पुस्तकात पाहिलं. सरकी उंदरांना खरंच वाईट.) भर दुपारी आम्ही दोघी उंबऱ्यात बसायचो, पेटी मधे. लिंबाजी घास दोन्ही हातांत धरतो, फिरवून फिरवून वास घेतो आणि डोळे अर्धे मिटून खातो. ते बघता बघता आत्याबाईंचेही डोळे अर्धे मिटायचे आणि तोंड आपोआप हलायचं. लांबून गाडीची शिटी यायची. त्यांच्या बांगड्या मनगटावर घट्ट बसायला लागल्या होत्या, आणि मला इतकं सुख वाटायचं की मी चुलीवरच्या वरणाचं नावही काढत नसे.

मग पेडगावहून लिंबाजीमामा आले. पाय धुऊन ते ओसरीवर नुकते टेकले होते, तेवढ्यात आत्याबाई आतून म्हणाल्या, लिंबाजी, मेल्या, पाय काढ त्या वाटीतून. मामांनी निमूट पाय जवळ घेतले. नंतर खुलासा झाला. मला वाटलं आता रागावतील, पण मामा पेटीपाशी जाऊन बराच वेळ बघत बसले, आणि म्हणाले की बन्सीला सगळं जास्तच मिळत आलंय, अगदी लहानपणापासून. (धाकट्या बन्सीमामांचं घर पक्कं आहे.) मग त्यांनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले, उन्हात गूळ पाघळून चिकट झालेले, आणि आपल्या नावाच्या जिवाला तोंडभर द्यायचा आग्रह धरला. आत्याबाईंनी नियमाप्रमाणे आधी अख्खा लाडू खाल्ला. बराय म्हणाल्या. मग सुपारीएवढा तुकडा लिंबाजीला.

थोड्या वेळाने लिंबाजीने मान खाली घातली ती वर करीना. पुढच्या पायांनी तोंड ओढायला लागला, लाळ गळायला लागली. यांनी पुस्तक काढलं. त्यात उंदराच्या पोटातलं सगळं होतं, घशात अडकलेल्या लाडवाविषयी काही नव्हतं. धुरपताबाई म्हणाल्या, मिठाचं पाणी पाजून ओकारी काढा. हे म्हणाले, उंदराला ओकारी येत नाही, त्याच्या अंगात ती सोयच नसते. दादा, हे तुम्हाला माहीत असेल, मला नव्हतं. ऐकून फार वाईट वाटलं. एकदा आत गेलेलं परत काढता येत नाही, आणि तरी एवढासा जीव आपल्या हातावर विश्वास ठेवून खातो. मामा तर डोळे पुसायला लागले. त्यांच्या नावाचं कोणी आजारी पडल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. ऊन उतरल्यावर लिंबाजीने मान वर केली, मिशा पुसल्या आणि उरलेला लाडू शोधायला लागला. तो आता ठणठणीत आहे.

आत्याबाई नाहीत. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, “म्या खाल्ला तर मला काई झालं न्हाई, त्याला झालं. माझ्या तोंडाचा भरवसा ऱ्हायला न्हाई.” तेव्हापासून त्यांनी पेटीला हात लावलेला नाही. त्या काही चाखत नाहीत, म्हणजे काही खातही नाहीत. पुन्हा मगाशीच खाल्लं सुरू झालं आहे. बांगड्या परत कोपराकडे घसरायला लागल्या आहेत. उंबऱ्यात मी एकटी बसते. पेटीतून दोघे वास घेत तोंड वर करतात, त्यांना माझं काही खरं वाटत नाही.

म्हणून विनंती अशी, की पांढऱ्या उंदरांना कोणता खाऊ चालतो आणि कोणता नाही हे सविस्तर लिहून पाठवावं. तुम्ही गुरांचे आहात, उंदरांचे नाही, हे मला मान्य आहे. पण उंदरालाही पाय चारच असतात, आणि आमच्या माहितीत दवाखान्यातले तुम्ही एकटेच. वहिनींना जयभीम, बैलाला खांदा सोडून बाकी अंगावर हात फिरवावा.

पोस्टमनच्या वाटेकडे बघता बघता भलतीकडेच बघत बसणारी,
तुमची सत्यशीला

ता. क. : दादा, उंदरांना काय चालतं ते आम्हाला आता कळलं आहे. यांनी दुसरं पुस्तक आणलं. चिकट काही नको, कच्चा बटाटा नको, कच्च्या शेंगा नकोत, सोड्याची बाटली नको, आणि संत्र्याची साल नको. बाकी चिमूट चिमूट बहुतेक चालतं. मला हवी आहे ती यादी आत्याबाईंसाठी. ती दवाखान्याच्या कागदावर, शिक्का मारून लिहा. माझ्यावर किंवा यांच्यावर त्यांचा विश्वास नाही, शिक्क्यावर आहे. त्यात उकडलेलं अंडं, दुधात भिजवलेली भाकरी, केळं, शिजवलेलं रताळं, मेथी आणि मुगाचं वरण एवढं येऊ द्या. त्यांना दात थोडे आहेत. आणि खाली ठळक लिहा की उंदरास नखाएवढं द्यावं, मात्र देणाऱ्याने आधी पोटभर खाऊन पाहावं, थोड्या खाण्याने दोष कळत नाही. खोटं लिहायला सांगते असं समजू नका. औषध खरंच आहे, फक्त रोगी दुसरा आहे.

आणखी ता. क. : हे आत्याबाईंना कळता कामा नये. हे स्वतः पत्र नेऊन स्टेशनवरच्या पेटीत टाकणार आहेत.

भुजंगराव, मी सूर्यभान. जयभीम. पत्र पाकिटात घालताना आईने विचारलं की एवढं लांब काय लिहिलंय. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून सगळं वाचून दाखवलं. आता ती सांगते आहे ते तिच्याच शब्दांत लिहितो.

“भुजंगराव, सूनबाई म्हनती तशी यादी धाडा. म्या खाईन. पर तिच्यात एक वाढवा. ही पोरगी सगळ्यायला वाढून झाल्यावर चुलीपशी उभ्या उभ्या खाती, तव्यावर उरंल तेवढं. न्हाई उरलं तर भाईर जाऊन वर बघत बसती, आन समदे म्हनतात सपनात हाय. म्या बी तिच्या वयात लय वर बघायची. पोटात काई नसलं की मान आपसूक वर जाती. तवा असं लिहा की पयली गरम भाकरी करनारीनं खाली बसून खावी, न्हाईतर उंदराला बाधती. आन शिक्का जरा दाबून मारा. तिचा शिक्क्यावर लय भरवसा हाय.”