शेवेच्या डब्यातल्या गोळ्या

मल्हारीदादा,

धाकट्या बहिणीचा, कासाचा, तुला नमस्कार. तुला वाचता येत न्हाई. हे पत्र तुजी सून राजेश्री वाचून दाखवील, म्हणून मी ते पोस्टात टाकणार न्हाई. तरी बी लिहायलेय.

भाऊबिजेला तू येलदरीहून मानवतला आलास, तवा तुज्या शुगरच्या गोळ्या संपल्या हुत्या. तुला गोड चालत न्हाई म्हणून मी शेव केली हुती. त्याच डब्यात माज्या गोळ्यांतल्या अर्ध्या घालून तुला दिल्या. म्हणलं, दोघं एकाच आईची लेकरं, दोघांची शुगर एकच, मग गोळी कशाला येगळी पायजे?

महिन्याभरात तुजे पाय सुजले. आडवं झालं की धाप लागायली. परभणीचे डॉक्टर म्हणले, "गोळी वाईट नाही. पण यांचं हृदय कमजोर आहे, किडनीही थकली आहे. अशा माणसाच्या अंगात या गोळीनं पाणी साठतं. कुणी दिली?"

तू म्हणलास, "दुकानातून आणली."

राजेश्रीनं हे मला फोनवर सांगितलं आन त्या दुकानदाराला लय शिव्या घातल्या. मी बी हूं हूं करीत ऐकलं.

आता सूज उतरलीय. परवा तू सोता फोनवर आलास. मी माजी चूक कबूल करायला तोंड उघडलं, तवर तूच हळू आवाजात इचारलंस, "कासे, अर्ध्या मला दिल्यास. तुला पुरल्या का गं?"

मी हो म्हणलं.

न्हाई पुरल्या, दादा.

तुजी,
कासा