सत्तर टक्के हिरवी पट्टी

३ जून, सोमवार
साडूला आमच्या कंपनीत मीच चिकटवला. मेहुणीने बायकोला गळ घातली, बायकोने मला. भटाला दिली ओसरी! चार महिने झाले नाहीत तोच साहेबांनी त्याला खिडकीजवळचं टेबल दिलं. मी नऊ वर्षं गळक्या एसीखाली. हेवा वगैरे नाही. खिडकीतलं ऊन स्क्रीनवर पडून त्याचे डोळे बिघडतील, एवढीच काळजी.

टीम लीड कोण, हे साहेब पुढच्या सोमवारचा डेमो बघून ठरवणार. ठरवायचं काय त्यात? पण असो.

४ जून, मंगळवार
काम पोहण्याच्या तलावाच्या वेबसाइटचं. प्रत्येक बॅचसमोर हिरवी पट्टी. बॅच जितकी भरलेली, तितकी पट्टी लांब. मी केली. माझ्या मशीनवर झकास.

दुपारी तलावाच्या मॅनेजरांचा फोन. म्हणे पट्ट्याच दिसत नाहीत. त्यांच्या ऑफिसात मांधाता राजाच्या काळातला कॉम्प्युटर आणि तितकाच जुना ब्राउझर. मी सुचवलं, कॉम्प्युटर बदला. त्यांनी सुचवलं, कंपनी बदलू.

साडू मान वाकडी करून माझी स्क्रीन बघत होता. मी खिडकी मिनिमाइज केली.

५ जून, बुधवार
संकल्प : साडूची मदत घ्यायची नाही. उद्या दुपारपर्यंत प्रश्न निकालात.

रंग बदलून पाहिला. उंची वाढवली. पट्टीचं नाव बदललं. ब्राउझर ढिम्म.

६ जून, गुरुवार
साडूने माझ्या कोडखाली कमेंट टाकली आहे. भली लांबलचक. वाचली नाही. घरच्या माणसाने चारचौघांत कमेंट टाकणं मला पटत नाही.

रात्री जेवताना बायको म्हणाली, भावोजी किती शांत, ऑफिसची कटकट घरी आणत नाहीत. मी म्हटलं, कटकट असायला काम लागतं. पोळी घशात अडकली. पाणी तिनेच दिलं, पण हसून.

७ जून, शुक्रवार
जमलं! डोकं लागतं. स्टाइलशीटमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलमध्ये, एकच ओळ टाकली : पट्टीची रुंदी सत्तर टक्के, आणि पुढे ‘इम्पॉर्टंट’, म्हणजे या ओळीपुढे दुसऱ्या कुणाचं काही चालणार नाही. जुन्या ब्राउझरमध्ये पट्टी उगवली. संध्याकाळी सहाची बॅच उघडून पाहिली. सत्तर टक्के भरलेली, पट्टी सत्तर टक्के. तंतोतंत. बाकीच्या बॅचेस सवडीने बघेन.

८ जून, शनिवार
मी काही सांगण्याआधीच साहेबांनी परस्पर साडूला पट्टीची दुरुस्ती करायला सांगितली. अंगाचा तिळपापड झाला. तो माझ्याकडे येऊन समजावत होता, दादा, आकडा यायच्या आधी स्टाइलमध्ये नुसता महिरपी कंस असतो. जुना ब्राउझर तो कचरा समजून फेकून देतो. पानात आकडे भरणारं फ्रेमवर्क आकडा घेऊन येतं तेव्हा भरायला जागाच उरत नाही. म्हणून आकडा फ्रेमवर्कच्याच हाताने द्यायचा. एका ओळीचं काम.

मला सगळं कळत होतं. मान हलवली नाही, इतकंच.

जाताना त्याने विचारलं, स्टाइलशीटमध्ये तुमचं काही राहिलंय का? मी नाही म्हटलं. माझी ओळ तशीच ठेवली आहे. त्याचं फसलं तर कंपनीची अब्रू कोण वाचवणार?

१० जून, सोमवार, सकाळ
नवा शर्ट. बायकोला सांगून ठेवलं, संध्याकाळी बाहेर जेवू.

१० जून, सोमवार, संध्याकाळ
घरीच जेवलो.

डेमोत मॅनेजरांनी पान उघडलं. पहाटे पाचची बॅच, सत्तर टक्के. ते म्हणाले, पाचला तलावावर कुत्रंही फिरकत नाही. बायकांची बॅच, सत्तर टक्के; तिथे म्हणे महिनाभर जागा नाही. कालपासून बंद असलेला लहान मुलांचा तलावही सत्तर टक्के भरलेला.

साहेबांनी साडूकडे पाहिलं. त्याने तिथेच स्टाइलशीट उघडलं, माझी ओळ काढली, आणि सगळ्या पट्ट्या मुकाट्याने आपापल्या जागी गेल्या. ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव येतं. सगळ्यांनी वाचलं.

साडू म्हणाला, आमच्या दोघांत नीट बोलणं झालं नाही, चूक माझीही आहे. एवढं चांगलं वागायची काही गरज होती का? जळफळाट झाला माझा. लिहून टाकतो, कोण वाचणार आहे.

१२ जून, बुधवार
साडू टीम लीड. बायकोने फोनवर बहिणीचं अभिनंदन केलं, मग दार लावून बराच वेळ बोलली.

मलाही नवी जबाबदारी. मॅनेजरांकडे आहे तसाच एक जुना कॉम्प्युटर साहेबांनी माझ्या टेबलावर ठेवला आहे. साडूचं प्रत्येक पान आधी त्यात उघडायचं आणि चूक शोधायची. म्हणजे साडूच्या चुका काढायचा मला आता पगार मिळणार. मोठ्या उत्साहाने बसलो.

संध्याकाळ झाली. अजून एकही सापडलेली नाही.