येस टीचर

मुलुंड पूर्व,
१९ जुलै २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता ठीक आहे, जिना चढताना ती तुझ्या नावाने ओरडत नाही. तुझ्या कंपनीतला अनिरुद्ध कोचीनला तुमच्या बोटीवर चढणार आहे, त्याच्याबरोबर हे पत्र पाठवतेय. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा उपद्व्याप.

तुझी अपूर्वा नव्या शाळेत रमली असंच आम्ही समजत होतो. मराठी शाळेतून उचलून थेट इंग्लिश मीडियमच्या दुसरीत टाकली, तरी पोरगी रडत नाही की कुरकुरत नाही. निघताना तू तिला कानमंत्र दिला होतास ना, काही कळलं नाही तरी हसून 'येस टीचर' म्हणायचं, कॉन्फिडन्स दिसतो! ती तेच म्हणत होती. डबा खाल्लास? येस टीचर. समजलं? येस टीचर. मंगळवारी वर्गातल्या एका मुलीचे रंग हरवले. तू घेतलेस? येस टीचर.

रंग नंतर त्या मुलीच्याच दप्तरात सापडले. पण न केलेली चोरी हसत हसत कबूल करणारी मुलगी बघून टीचर चक्रावल्या आणि तिला काउन्सेलरकडे घेऊन गेल्या. काउन्सेलरनी इतर प्रश्नांबरोबर हेही विचारलं, बाबा मारतात का? इंग्लिशमध्ये. हिचं उत्तर तयारच होतं.

दुसऱ्या दिवशी नीलमवहिनीला आणि मला शाळेत बोलावलं. ऐकून मी तर हसायलाच लागले. म्हटलं, "अहो मॅडम, चंद्रावर राहतेस का विचारलंत तरी ती येस म्हणेल. मराठीत विचारा ना!"

काउन्सेलर मॅडमनी अपूर्वाला बोलावून विचारलं, "बाळा, बाबा मारतात?"

अपूर्वाने आधी वहिनीकडे पाहिलं. मग म्हणाली, "फक्त इंग्लिश चुकलं की."

दादा, मे महिन्यात तू रोज दार लावून तिचा अभ्यास घ्यायचास. तुम्हाला त्रास नको म्हणून मी बाहेर टीव्हीचा आवाज कमी करायचे. आई शेजारी कौतुक सांगत फिरायची. वहिनी मान खाली घालून बसली होती. तिला माहीत होतं रे! मला अजून खरं वाटत नाही. मला सायकल शिकवताना ज्याने एकदाही आवाज चढवला नाही, तो तू?

मॅडम आता तिच्याशी मराठीतच बोलतात. घरी आम्ही तिला 'नाही' आणि 'मला कळलं नाही' म्हणायला शिकवतोय. काल मी मुद्दाम तिच्या ताटात कारल्याची भाजी वाढली. तिने एक घास उचलला आणि परत ताटात ठेवला. मग हळूच म्हणाली, "आत्या, नको. चालेल ना? मारणार नाहीस ना?"

मी आत जाऊन रडले.

यापुढे तुझा व्हिडिओ कॉल आला की मी तिला विचारणार आहे, बाबांशी बोलायचंय का. नाही म्हणाली तर फोन देणार नाही. आणि हो म्हणाली, तर ते खरंच हो आहे का, हे पुन्हा एकदा विचारणार आहे.

आज फक्त अपूर्वाची आत्या,
रुचिरा