निघोज्याच्या गुरुवारासाठी चार टायर

९ मे १९७४, गुरुवार
सुट्टी. सकाळी मालतीला घेऊन निघोज्याला. देवळाच्या ओसरीवर तिचा दवाखाना. डॉक्टर ती; नवऱ्याचं काम जीप हाकणं आणि पेशंटची नावं लिहून घेणं. निघताना टायर पाहिले. बोट फिरवलं तर खाच लागत नाही. गेल्या पावसाळ्यात यांनीच सात गुरुवार बुडवले. कुरुळीला नाशिक रस्ता सोडला की दोन मैल काळी माती, पावसात नुसता चिखल.
आज नवीन बाई, यमुनाबाई. क्षयाची शंका. चिंचवडला येणं तिला झेपणार नाही, कुरुळीपर्यंतसुद्धा चालवत नाही. इंजेक्शनं सोमवार-गुरुवार, कित्येक महिने. मा. म्हणाली, "मधे खंड पडणार असेल तर मी सुरूच करणार नाही. थुंकीचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी येईल. तोवर टायरचं बघ."
म्हणजे ३० तारीख. मुदत कळली की मला बरं वाटतं.

११ मे
जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या मासिकाची प्रुफं बाजूला ठेवून काळेवाडीला, मेकॅनिक रशीदभाईंकडे. ही मिलिटरी लिलावातली जीप त्यांच्याच हाताखाली वाढली. तीन वाटा सांगितल्या: नवे चार (परवडत नाहीत), रिट्रेड, म्हणजे जुन्याच टायरवर रबराचा नवा थर, किंवा मिलिटरीच्या भंगारातले. रबर किती दिवसांत कडक होतं, खाच किती खोल लागते, वगैरे बरंच विचारलं. "साहेब, जीप चालवायचीय का पुस्तक लिहायचंय?"

१४ मे
देहूरोडच्या भंगारवाल्याकडे मिलिटरीचे दोन टायर, जवळजवळ कोरे. खाचेत अंगठा मावतो. दोनच होते. र.भाईंना न विचारता घेतले, मागे बसवले. पुढे जुनेच. पुढचे दोन सापडतील तेव्हा. छापखान्यातली सवय, हाती आलेलं पान आधी छापून घ्यायचं.

१६ मे, गुरुवार
ओढ्याच्या वाळूत फोर-व्हीलचा लिव्हर टाकला, मागच्यांबरोबर पुढची चाकंही ओढू लागली. जीप अशी वर चढली की मा.नेही मान डोलावली. नाशिक रस्त्याला लागल्यावर लिव्हर काढायला गेलो, तर निघेना. स्टिअरिंग जड, खालून गुरगुर, गरम तेलाचा वास. मा. म्हणाली, "जोर लावू नकोस, तुटेल." तसेच रखडत घरी.
वाळूत काहीच तक्रार नव्हती. डांबरावरच का?

१८ मे
र.भाईंकडे जायच्या आधी स्वतः तपासायचं ठरवलं. एक पुढचं, एक मागचं चाक काढलं, खडूने खूण केली आणि गल्लीत दहा-दहा फेरे लोटलं. शेजारचे कदम, आमच्याच कंपनीतले फिटर, मूळचे लातूरकडचे, पायरीवर बसून बघत होते. "राव, चाकं मोजायलात का जमीन?" मग स्वतःच उठून दुसरं चाक धरलं.
जुनं चाक पावणेदोन हात मागे राहिलं. कदमांनी पुन्हा मोजलं. तेवढंच.

१९ मे
र.भाईंना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. जीपमध्ये बसले, सरळ दहा पावलं मागे घेतली, आणि लिव्हर बोटाने निघाला.
त्यांचं म्हणणं असं: लिव्हर टाकला की पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात, फेरे सारखेच मारतात. पण मोठं जास्त चालतं, लहान कमी. वाळूत घसरून जुळवून घेतात. डांबरावर घसरता येत नाही, मग ताण गिअरमध्ये साठतो.
"चौघं एका आईची लेकरं पायजेत. गरीब असली तरी चालतील."
दोन टायर उद्या परत. भंगारवाला काय म्हणेल ते ऐकून घ्यायचं.

२५ मे
चिंचवड स्टेशनजवळ रिट्रेडवाल्याकडे दोन तास. एकाच बनावटीचे चार जुने टायर, एकाच साच्यातले. साचा उघडतो तेव्हा वाफ आणि जळक्या रबराचा वास, आत टायर नवा होऊन बसलेला. थर सोलून निघेल का, हे तीनदा विचारलं. तो म्हणाला, पळवू नका. जाड खाचेचा साचा निवडला. दोरीने चौघांचा घेर मोजला, फरक बोटभरही नाही.
पण चिखलात काय होईल, हे त्यालाही ठाऊक नाही.

३० मे, गुरुवार
चारही बसवले. ओढ्याच्या वाळूत लिव्हर टाकला, नाशिक रस्त्यावर एका बोटाने काढला. पुनःपुन्हा. मा. वैतागली. डांबरावर टायर इतके गुणगुणतात की बोलणं ऐकू येत नाही.
रिपोर्ट आला, क्षयच. मा.ने सिरिंज उकळायला ठेवली. मी हळूच म्हटलं, टायर अजून चिखलात गेलेले नाहीत.
"मग पाऊस पडेपर्यंत हिला खोकत ठेवू? सोमवारी साडेपाचला जीप घेऊन ये."
इंजेक्शन दिल्यावर यमुनाबाई दंड चोळत मा.ला नाही, मला म्हणाली, "पावसात बी येताल न्हवं?"
येऊ, म्हटलं. इतकी वर्षं मासिकातली एकही बातमी तपासल्याशिवाय छपाईला सोडली नाही. ही सोडली.
परतताना उतरून काळ्या मातीच्या एका भेगेत पाय घालून पाहिला. घोट्याच्या वर गेला.