नोव्हेंबरातली रेघ

एडन, ९ फेब्रुवारी १९६३

ती. बाबांस रमाकांतचा शि. सा. न. वि. वि.

जहाज काल एडनला लागलं. माझी प्रकृती उत्तम. आईने दिलेलं मेतकूट संपत आलं आहे, पण तिला ते सांगू नका, नाहीतर पार्सल घेऊन ती स्वतःच बंदरावर यायची.

माझी एक फजिती कळवतो. जूनमधल्या परीक्षेच्या तयारीसाठी आमच्या जहाजावरचे अधिकारी सेकंड मेटसाहेब यांनी मला दुपारी सूर्याचा वेध घ्यायला लावलं. रेखांशाचा फरक धरून सूर्य माथ्यावर कधी येणार ते मी काढलं आणि सूर्याची उंची मोजायचा सेक्स्टंट घेऊन ऐटीत उभा राहिलो. सूर्य आलाच नाही. आला तो चौदा मिनिटं उशिरा. साहेब म्हणाले, एवढ्या चुकीने जहाज नकाशावर दोनशे मैल भलतीकडे जातं.

गोष्ट अशी आहे. पृथ्वी सूर्याजवळ असते तेव्हा भराभर चालते, लांब गेली की रेंगाळते, शिवाय तिचा आस कललेला. त्यामुळे खरा सूर्य घड्याळाबरहुकूम येत नाही. घड्याळं चालतात ती वर्षाची सरासरी काढलेल्या एका कल्पित सूर्यावर. खरा सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्या सोळा मिनिटं पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे. वर्षातून चारच दिवस दोघांचं पटतं. या फरकाला कालसमीकरण म्हणतात.

तुम्ही मुख्याध्यापक असताना शाळेच्या पटांगणात आखलेली रेघ मला आठवली. काठीची सावली रेघेवर आली की बारा वाजून आठ मिनिटं, हे आम्ही पोरांनी पाढ्यासारखं पाठ केलं होतं. बाबा, रेघ खरी, पण ती आठ मिनिटं फक्त नोव्हेंबरातली! आता तुम्हीच माझा कान धरा की मी तुमचा, ते ठरवा.

आईस नमस्कार, धाकट्या चारुलतेस आशीर्वाद. ममता आहेच, ती राहो.
आपला रमाकांत

*

पिंपळगाव राजा, २४ फेब्रुवारी १९६३

चि. रमाकांत यास अ. उ. आ.

तुझं पत्र परवा मिळालं. पहिल्यांदा मला रागच आला. समुद्रावर गेला आणि बापाला सूर्य शिकवायला लागला, असं तुझ्या आईपाशी बोललोही. मग रेडिओवर घड्याळ लावून शाळेत गेलो. काठी रोवली. बारा आठला सावली रेघेच्या बरीच अलीकडे होती. ती रेघेवर आली तेव्हा बारा अडतीस झाले होते. मी तिथेच पायरीवर बसलो.

मध्यम रवी आणि स्पष्ट रवी हे शब्द माझे वडील पंचांग करताना रोज उच्चारत. मीही ते पाठ म्हणत आलो. सूर्य दोन कशाला लागतात, हे मात्र कधी विचारलं नाही.

तुला आपला शिपाई पुंजाजी आठवतो का? बाजाराच्या दिवशी तो सायकलीवर खामगावला जाई, स्टेशनवर आपलं खिशातलं घड्याळ लावी आणि येऊन शाळेचं घड्याळ त्याच्याशी मिळवी. नोव्हेंबर एकावन्नमध्ये मी रेघ आखली ती त्यानेच लावलेल्या घड्याळावर. माझ्याकडे स्वतःचं घड्याळ होतं कुठे? पुढे बावन्नच्या फेब्रुवारीत शाळातपासणीला शिक्षणखात्याचे साहेब आले. त्यांना रेघेची करामत दाखवायला घेऊन गेलो, तर बारा आठला सावली रेघेवर नाही. चारचौघांत माझं हसं झालं. पुंजाजी शपथेवर सांगत होता की कालच स्टेशनवर घड्याळ लावलं. मी म्हणालो, सूर्य खोटं बोलत नाही. स्टेशनवर न जाता बाजारात बसून राहतो आणि मनाची वेळ सांगतो, असा शेरा मी लिहिला. त्यावरून त्याची नोकरी गेली. तो बायको झुंबरबाईला घेऊन देऊळघाटला सासुरवाडीला गेला.

आणखी एक लिहितो, जे आजवर कोणाला सांगितलं नाही. मी तेव्हा रेघेशी जुळावं म्हणून शाळेचं घड्याळ अर्धा तास मागे केलं होतं. महिन्याभराने खामगावला गेलो तेव्हा ते स्टेशनच्या घड्याळापेक्षा मागे असल्याचं दिसलं. नव्या शिपायाने किल्ली दिली नसेल असं मनाशी म्हटलं आणि गुपचूप पुढे सरकवलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल.

तुझ्या जहाजावरच्या सूर्याच्या कोष्टकात तपासणीचा तो दिवस, १४ फेब्रुवारी बावन्न, पाहून कळव. काय ते स्वच्छ लिही, माझी भीड धरू नकोस.

तुझा
नीळकंठ

*

मोंबासा, १४ मार्च १९६३

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पाहिलं. त्या दिवशी सूर्य चौदा मिनिटांहून थोडा जास्तच मागे होता. आपल्या गावी तो माथ्यावर आला बारा अडतीसला, म्हणजे नोव्हेंबरापेक्षा अर्धा तास उशिरा. पुंजाजीकाकांचं घड्याळ बरोबर होतं.

तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो. जहाजाच्या नोंदवहीत चुकीची नोंद खोडरबराने पुसायची नसते. तिच्यावर एक रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं आणि खाली सही करायची. ती सही दुसऱ्या कोणाची चालत नाही. म्हणून मी काकांना पत्र घालत नाही.

तब्येत सांभाळा. माझ्यावर रागावला असाल तरी उत्तर पाठवा.
आपला रमाकांत

*

पिंपळगाव राजा, ७ एप्रिल १९६३

चि. रमाकांत यास अ. उ. आ.

हल्लीचे मुख्याध्यापक महादेवराव यांच्याकडून जुनं दप्तर काढवलं. माझ्या शेऱ्यावर रेघ मारली, शेजारी खरं लिहिलं, सही केली. त्याची नक्कल घेऊन देऊळघाटला गेलो.

पुंजाजी थकला आहे, पण मला पाहताच उठून उभा राहिला. त्याने बस म्हणेपर्यंत मी बसलो नाही. सगळं सांगितलं, नक्कल वाचून दाखवली. वाटलं होतं तो शिव्या देईल, त्या मी ऐकूनही घेतल्या असत्या. पण तो म्हणाला की गुरुजी, मले त वाटे मीच चुकलो, सूर्यदेव काऊन खोटं बोलन, अन् तुमी तरी काऊन बोलसान.

रमाकांत, माझ्या शेऱ्याने त्याची नोकरी गेली एवढंच मी धरून चाललो होतो. या माणसाने अकरा वर्षं आपल्याच डोळ्यांवर अविश्वास ठेवला. झुंबरबाईंनी सांगितलं की त्या दिवसापासून त्यांनी घड्याळाले हात नाही लावला, कोनी टाइम विचारला तरी सांगत नाहीत. मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्याने धरू दिले नाहीत.

त्याने झुंबरबाईंना पेटीतून घड्याळ काढायला लावलं. किल्ली दिली तर चाललं! मी माझ्या घड्याळातली वेळ सांगायला गेलो, तर म्हणाला, नाई गुरुजी, मी ठेसनावरच लावीन.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीने मलकापूरला गेलो. तिकिटं त्याने मला काढू दिली नाहीत. फलाटावर घड्याळाखाली तो कितीतरी वेळ मान वर करून उभा होता. मग काटा लावला, कानाशी धरून ऐकलं आणि माझं घड्याळ मागितलं. ते एक मिनिट मागे होतं. त्याने ते पुढे केलं आणि माझ्या हातात दिलं.

परीक्षा नीट दे. आईचे आशीर्वाद. आमच्यावरची माया अशीच असू दे.

तुझा
नीळकंठ